आठवा फर्मा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, किनाऱ्यापासून अंदाजे दीडशे हात आत, लाटा जिथे फुटू लागतात त्या रेषेच्या पलीकडील संथ पाण्यावर, चार माणसे, लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याकडे घसरत जायच्या आपापल्या फळ्यांवर, पाय सोडून बसली होती. वारा जमिनीकडून होता, भरती अर्ध्यावर आली होती, आणि मोठ्या लाटांची एक माळ नुकतीच निघून गेल्यामुळे दुसरी येईपर्यंत कोणालाच काही काम नव्हते. अशा रिकाम्या वेळी बोलायचे ते पुस्तकांविषयीच, असा या चौघांचा नियम होता. पूर्वी ते फळ्यांविषयी बोलत, मग हवेविषयी, मग निवडणुकीविषयी. आणि निवडणुकीवरून प्लंबर व दंतवैद्यीण यांची एकदा अशी जुंपली, की वर्षातली सर्वांत देखणी लाट दोघांच्या मधून रिकामी निघून गेली. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे ज्यांचा आवाज वाऱ्यातही स्पष्ट ऐकू येई, त्या बाईंनी त्याच दिवशी कायदा केला. प्रत्येकाने आपण सध्या काय वाचतो आहोत ते सांगायचे; कितवे पान, तेही सांगायचे, म्हणजे थापा मारता येत नाहीत; आणि लाट आली की वाक्य जिथे असेल तिथे सोडून निघायचे. उरलेले वाक्य परत आल्यावर. या कायद्यामुळे मंडळींना एक निराळीच सवय लागली होती. कर्ता आत्ता, कर्म दहा मिनिटांनी आणि क्रियापद, लाट लांबवर नेणारी असली तर, अर्ध्या तासाने. आणि तोवर बाकीचे निमूट वाट पाहत.

प्लंबरचे सांगून झाले होते. दिव्यांचा इतिहास, खंड तिसरा, पान दोनशे शहाऐंशी. रस्त्यांवर गॅसचे दिवे नुकतेच लागले होते आणि चोर हवालदिल झाले होते. दंतवैद्यिणीची खुनाची कादंबरी होती. ती नेहमीप्रमाणे शेवटचे प्रकरण आधी वाचून मोकळी झाली होती आणि आता खुनी ठाऊक असल्यामुळे निश्चिंत मनाने पान एक्केचाळीसवर होती. मग चौथ्याची पाळी आली. हा चौथा गृहस्थ एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. छापण्यापूर्वीचा मजकूर मूळ प्रतीशी ताडून त्यातल्या चुका काढण्याचे काम तो चौतीस वर्षे करत आला होता, आणि पाण्यावरच्या माणसांच्या बोलण्यातल्याही चुका काढत असल्यामुळे प्लंबरने त्याचे नाव ‘खाडाखोड’ असे ठेवले होते. त्याने घसा साफ केला. नदीवर नाव चालवणाऱ्या दोन भावांची कादंबरी, तो म्हणाला, पान एकशे बारा.

“काका,” प्लंबर म्हणाला, “थंडीतपण तुम्ही एकशे बारावरच होतात.”

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. पाइपाचा व्यास लक्षात राहावा तसा त्याच्या लक्षात आकडा राहिला होता. परंतु मुद्रितशोधकाला मात्र पाणी एकाएकी गार लागले. रबरी पोशाखाच्या आत, पाठीच्या कण्यावरून, कोणीतरी पेन्सिलीची रेघ ओढावी तसे काही खाली उतरत गेले. दुसऱ्याची चूक दाखवताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जी एक छटा येते ती त्याने आयुष्यभर पाहिली होती. ती आत्ता आपल्याच गालांवर उमटली आहे हे त्याला आरशावाचून कळले. खरे म्हणजे तो आठ महिने एकशे बारावर होता. ‘हळू वाचतो’ असे म्हणणे शक्य होते. दररोज चाळीस पाने तपासणाऱ्या माणसाला फुरसत कुठली, हेही शक्य होते आणि ते अर्धसत्य होते. कारण चाळीस पाने तपासणे आणि एक पान वाचणे यांचा परस्परांशी काही संबंध नाही, किंबहुना पहिल्याने दुसऱ्याचा जीव जातो, हे त्याला केव्हाचे उमगले होते. अक्षर दिसले की त्याला अक्षरच दिसे. नदी हा शब्द बरोबर आहे एवढे पाहून नजर पुढे जाई आणि पाणी काही दिसत नसे. पण त्याच्या अडून बसण्याचे कारण हेही नव्हते.

“प्रतीत दोष आहे,” तो अखेर म्हणाला. “एकशे बारानंतर एकदम एकशे एकोणतीस येतं. बांधणीत आठवा फर्मा गळाला आहे.”

“फर्मा म्हणजे?”

“एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात. तो फर्मा. तसे सगळे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक.”

“म्हणजे सोळा पानं नाहीत,” दंतवैद्यीण म्हणाली. “मग एकशे एकोणतीसपासून वाचायचं. आहे काय त्यात.”

“तुम्ही दाढ काढल्यावर ती जागा असू दे म्हणता का?”

“कित्येकदा म्हणते. लोक जेवतात की त्यानंतरही.”

प्लंबर हसला. मुद्रितशोधकाला हसू आले नाही. वाद जिंकण्याची त्याला सवय होती, आणि आपली बाजू त्याने मनात कितीतरी वेळा नीट मांडून ठेवली होती. एकशे बाराव्या पानावर धाकटा भाऊ वल्हे नावेत टाकतो आणि एक शब्दही न बोलता काठ चढून निघून जातो. एकशे एकोणतिसाव्या पानावर, त्याने तेवढे डोकावून पाहिले होते, ते दोघे एकाच फळकुटावर बसून दोर वळत असतात आणि थोरला कसल्याशा विनोदावर हसत असतो. याचा अर्थ मधल्या सोळा पानांत कोणीतरी खुलासा केला आहे. कोणीतरी म्हटले आहे, की माझे चुकले. आणि का चुकले तेही सांगितले आहे. तो मजकूर वाचल्यावाचून पुढच्या हसण्यात सामील होणे हा लबाडीचा प्रकार झाला. पुस्तकाच्या बाबतीत असो की माणसाच्या. आणि इथवर विचार आला की तो दरवेळी थांबे, कारण पुस्तक त्याचे नव्हते. छापखान्यातल्या त्याच्या समोरच्या मेजाच्या खणात ते सापडले होते. त्या मेजावर चार वर्षे त्याची मुलगी बसत असे.

पद्धत अशी होती, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील मजकुरावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने विरामचिन्हेसुद्धा उच्चारायची. विसाव्या वर्षापासून मुलगी वाचू लागली आणि तो पाहू लागला. बियाण्यांच्या याद्या, खटल्यांचे निवाडे, प्रवासवर्णने, एका डॉक्टरांनी स्वखर्चाने छापलेले स्वतःचे चरित्र. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत होता. ‘स्वल्पविराम’ हा शब्द ती असा म्हणे, की खरोखरच कोणीतरी वाटेत क्षणभर उभे राहिल्यासारखे वाटे. आणि एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, तिने एक वाक्य पुरे केले, ‘पूर्णविराम’ म्हणाली, कागद पालथे ठेवले, खुर्ची सारली आणि बाहेर गेली. तीन दिवसांनी आईच्या नावे दुसऱ्या शहरातून पत्र आले. तिला तिथल्या एका शाळेत काम मिळाले होते. पुढे तिने लग्न केले. पुढे तिला मुलगी झाली. पत्रे येत राहिली, आणि त्याने त्यांतले एकही वाचले नाही, कारण त्यांतल्या एकाही पत्रात त्या मंगळवारचा खुलासा नाही असे त्याला पत्नीकडून कळत होते. सहा वर्षे तो त्या मंगळवारी उभा होता. त्या दिवसाचे त्याला सगळे आठवे : खिडकीतून येणारे ऊन कोणत्या मेजापर्यंत पोचले होते, कोणता मजकूर चालू होता (जहाजांच्या नांगरांविषयी एक पुस्तिका), टाइप किती आकाराचा होता. फक्त तिने पूर्णविराम म्हणण्याच्या आधीची काही मिनिटे तेवढी आठवत नसत. ती कशी आठवणार? काही घडलेच नव्हते, असे तो म्हणे.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्या इतका वेळ क्षितिजाकडे पाहत होत्या. “नदीवरचे दोन भाऊ? थोरला तोतरा?”

“तोतरा नाही. अडखळतो.”

“तेच ते. वाचलंय मी. नोकरीला लागले त्या वर्षी, वसतिगृहात. धाकटा निघून जातो. बरोबर? मग पूर येतो. मग ती शेळी...”

आणि लाट आली. पाण्याची पाठ काळसर होऊन वर आली, बाईंनी मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिले, पोटावर पडून चार हात मारले आणि त्या निघून गेल्या. बासष्टाव्या वर्षी त्यांना उभे राहायला थोडा वेळ लागे, पण एकदा उभ्या राहिल्या की वर्गात शिरल्यासारख्या सरळ असत. त्यांची पांढरी वेणी दूरवर जाताना दिसली, मग फेस, मग काही नाही.

तो वाट पाहत राहिला. नियम नियम होता, आणि तो त्याला मनापासून पसंत होता. तरी सोळा पाने माहीत असलेली एकुलती एक व्यक्ती आपल्या डोळ्यांदेखत, शेळीपाशी, पाण्यावरून घसरत निघून जावी, याला काय म्हणावे ते त्याला सुचेना. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यावर पोहण्याचा उपाय सांगितला गेला तेव्हा तो याच पाण्यात, आखलेल्या ओळीवरून चालावे तसा, इकडून तिकडे पोहत असे. बाईंनीच त्याला हाक मारून थांबवले होते. ‘इतकं सरळ कुठं निघालात?’ असे विचारून आपली जुनी फळी पुढे केली होती. अजूनही त्याला फळीवर नीट उभे राहता येत नसे. तीन वर्षांत अकरा वेळा तो उभा राहिला होता, बाकी सगळा प्रवास पोटावर. काल न्याहरीच्या वेळी पत्नीने त्याच्यासमोर चहाचा पेला ठेवला आणि पेला ठेवतानाच म्हटले, “उद्या अकराला लेक येतेय. नातीला घेऊन. तुम्ही घरात असणार की तुमच्या त्या फळीवर, तेवढं सांगा. भाषण नको.”

“आधी तिनं सांगू दे, त्या दिवशी काय झालं ते.”

“सहा वर्षं तेच टुमणं. अहो, ती गाडीत चार तासांची बैठक मारून येतेय, कोर्टात हजर व्हायला नाही. नात चार वर्षांची झाली. तिला तुमचा फोटो दाखवला तर विचारते, हे बोलतात का.”

यावर तो काही बोलला नव्हता, आणि त्यामुळे नातीचा प्रश्न रास्त ठरला, असे पत्नीच्या पाठीने त्याला कळवले होते.

बाई वीस मिनिटांनी परतल्या. धापा टाकत फळीवर बसल्या, नाकातले पाणी शिंकरले आणि म्हणाल्या, “हं. शेळी. ती नावेत चढत नाही. पूर ओसरतोय, एकटा थोरला नाव हाकतोय, आणि एक म्हातारी शेळी घेऊन आलीय. दोन पानं नुसती शेळीला नावेत चढवण्यात जातात. फार बहार आहे त्याची. थोरला तिला आधी रागावतो, मग समजावतो, मग स्वतःच तिच्याशी भांडतो.”

“आणि खुलासा?”

“कसला?”

“धाकटा का गेला त्याचा. तो परत येऊन काय सांगतो?”

बाईंनी आठवून पाहिले. त्या आठवत असताना पाणी त्यांच्या फळीखाली दोनदा वर आले, दोनदा खाली गेले. “एके दिवशी पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारतं. थोरला नाव घेऊन जातो, गिऱ्हाईक म्हणून. तर तो धाकटा. नावेत चढतो. थोरला नाव ढकलतो.”

“बोलतात काय?”

“शेळीबद्दल बोलतात. नावेत लेंड्या असतात ना. धाकटा विचारतो, या कोणाच्या.”

“आणि?”

“आणि मग दोर वळायला बसत असतील. ते तुमच्याकडे आहे.”

मुद्रितशोधकाने फळीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. “बाई, क्षमा करा, पण हे शक्य नाही. तुमच्या स्मरणातून काहीतरी गळलं आहे. सोळा पानं आहेत. सोळा पानांत एक लेखक दोन भावांची ताटातूट मिटवतो आणि कारणाचा उल्लेख करत नाही, हा रचनेचा धडधडीत दोष आहे. हे असं चालत नाही.”

“चाळीस वर्षं चाललंय माझ्यापुरतं,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“काका, एक सांगू?” प्लंबर म्हणाला. “लोक मला बोलावतात तेव्हा घरात घोटाभर पाणी असतं. का गळालं, ते नंतर विचारतात. आधी बंद करा म्हणतात.”

“माझ्याकडे तर त्याहून मजा,” दंतवैद्यीण म्हणाली. “माणूस गालावर बोट ठेवून सांगतो, ही दाढ. तपासावी तर ती ठणठणीत. दुखणारी असते दुसरीच, भलत्या बाजूची. आणि हुज्जत घालतात वर. माझी दाढ मला कळत नाही होय, म्हणून.”

ती हे सहज, पाय हलवत म्हणाली होती. तिच्या मनात बहुधा शनिवारचा कोणी रुग्ण असावा. परंतु मुद्रितशोधक उत्तर द्यायला वळला आणि त्याची नजर पाण्यावर गेली. पाण्यावर ऊन तिरपे पडले होते. तसेच ऊन मेजावर होते. नांगरांची पुस्तिका. एका नांगराचे नाव असे काही विचित्र होते, की वाचता वाचता मुलगी हसली. नुसती हसली नाही, तिने वाचणे थांबवले, ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, बाबा, हे बघा ना, केवढं सुंदर लिहिलंय या माणसानं, समुद्राचा तळ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. तिला तो परिच्छेद पुन्हा वाचून दाखवायचा होता. तपासण्यासाठी नव्हे, नुसता. आणि तो म्हणाला होता... त्याने फळी अधिक घट्ट धरली. शेजारच्या मेजांवरचे दोघे ऐकत होते. तो वर न पाहता म्हणाला होता, ‘तुला वाचता येत नाही. तुला नुसतं उच्चारता येतं. पुढे चल.’ आणि ती पुढे गेली होती. आज्ञा पाळल्यासारखी, एक वाक्य, पूर्णविरामापर्यंत. गळालेला फर्मा तिच्याकडे नव्हताच. सहा वर्षे तो तिच्याकडे मागत होता आणि तो फर्मा त्याच्याच खिशात घडी घालून होता, सोळाही पाने, एकाच वाक्याची. याचा अर्थ ती वाट पाहत होती. याचा अर्थ पत्रांत खुलासा नव्हता, कारण खुलासा करण्याचे काम...

“काका, तुमची,” प्लंबर म्हणाला.

त्याने मागे पाहिले. लाट त्याच्याच वाट्याची होती, रुंद, घाई नसलेली. उभे राहण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. तो पोटावर पडला, हात मारले, आणि पाण्याने त्याला खांद्यांखाली धरून उचलले. विचाराचे वाक्य मागेच राहिले, तिघांच्या स्वाधीन. हनुवटीखालून पाणी वेगाने जात होते, हिरवे, मग पांढरे, मग वाळूने गढूळ, आणि आश्चर्य असे, की त्याला पाणी दिसत होते. पाणी हा शब्द नव्हे. फळी वाळूला टेकली तरी तो क्षणभर तसाच पडून राहिला. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. कायद्याप्रमाणे त्याने परत जाऊन वाक्य पुरे करायला हवे होते. त्याने वळून पाण्याकडे पाहिले. तीन ठिपके, त्यांतला एक हात वर करून काहीतरी विचारत होता. त्यानेही हात वर केला, आणि फळी काखेत मारून किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीकडे चालू लागला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने वाक्य कायमचे अर्धे सोडले होते.

घरी जायला पाऊण तास लागत असे. त्या दिवशी तीन तास लागले. तो छापखान्याच्या रस्त्याने गेला, रविवार असल्यामुळे बंद दारासमोर उभा राहिला, परत आला. एका बाकावर बसला आणि काय म्हणायचे ते मनाशी जुळवू लागला, मसुदा पहिला, मसुदा दुसरा, प्रत्येकात दुरुस्त्या. तिसऱ्या मसुद्यात शेळी घुसली आणि तो स्वतःशीच हसला, तेव्हा बाकावर बसलेल्या दुसऱ्या माणसाने जरा सरकून घेतले. दार वाजवले तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार उघडले ते कमरेइतक्या उंचीच्या एका व्यक्तीने. तिने त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिले. केसांतून पाणी मानेवर आणि तिथून शर्टावर उतरत होते. दाराबाहेरच्या नळाखाली त्याने डोके धरले होते आणि पुसायचे राहूनच गेले होते.

“तुम्ही गळताय,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”

“आजी, हे बोलतात,” तिने आत वळून वर्दी दिली.

मुलगी खिडकीपाशी बसली होती. कानशिलांवर थोडे पांढरे झाले होते. ते कोणत्याच पत्रात नसणार. ती उठून उभी राहिली, पुढे आली नाही. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओले फडके घेऊन, एखाद्या पंचासारखी तटस्थ होती. त्याने तीन मसुदे शोधले. एकही जागेवर नव्हता. तेव्हा दर रविवारी जी सवय लागली होती तीच जिभेवर आली.

“सध्या काय वाचतेस?”

तिने त्याच्याकडे पाहिले. हा प्रश्न तिला आठवणीतल्या कोणत्याच माणसाच्या तोंडी बसवता येत नव्हता. “हिचंच,” ती म्हणाली. “अस्वलाचं एक आहे. बत्तीस पानी. चाळिसावी खेप असेल.”

“कितव्या पानावर?”

“सव्वीस. अस्वल झोपलंय. आणि तुम्ही?”

“एकशे बारा.” तो आत गेला, उशाशी असलेले पुस्तक आणले आणि तिच्या हातात दिले. तिने ते ओळखले. मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. “तुझ्या खणात होतं. तू इथवरच वाचलं होतंस, तुझी खूण होती. म्हणून मीही थांबलो.”

तिने पुस्तक उघडले. एकशे बारा आणि एकशे एकोणतीस यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची बोटभर रुंदीची चिठ्ठी होती, आठ महिने तो जिला खूण समजत होता ती. आणि तिच्या हातात ती दिसताच त्याला कळले, की खूण नव्हेच ती. छापखान्यात दोष सापडला की तिथे अशीच कोरी चिठ्ठी घालून पुढे जायचे, अशी रीत होती. चौतीस वर्षांत त्याने स्वतः हजारो घातल्या होत्या.

“त्या दिवशी,” तो म्हणाला. पुढचे शब्द एकेक करून आले, विरामचिन्हांवाचून. “तुला नुसतं उच्चारता येतं असं मी म्हणालो. ते चूक होतं. ते माझ्याबद्दल होतं.”

 नात दोघांच्या मध्ये उभी राहून आजोबांच्या बाहीवरून जमिनीवर पडणारे थेंब मोजत होती आणि पाचानंतर पुन्हा एकापासून सुरू करत होती. मुलीने पुस्तक कानाशी नेल्यासारखे तिरपे धरले, शिवणीत नख घालून पाहिले, दोन पाने मागे गेली, चार पुढे, जसे त्यानेच तिला विसाव्या वर्षी शिकवले होते. मग चिठ्ठी काढून घेतली, तिची घडी केली आणि पुस्तक मिटले.

“एक फर्मा गळालाय, बाबा,” ती म्हणाली. “पण वाचता येतं.”